राणीच्या पत्राला उत्तर दे

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

हा विषय फोनवर काढला की तुझा क्लास सुरू होतो. रात्री नऊ वाजता अमरावतीत कोणते क्लास चालतात ते मला ठाऊक नाही, म्हणून कागदावरच घेतो. कागद मधातच कट करता येत नाही.

तुझ्या मैत्रिणीचं, राणीचं पुन्हा पत्र आलं, खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या अकादमीतून. पाकीट चांगलं जाडजूड आहे, अक्षर तेच, उजवीकडे उतरत जाणारं. आधीच्या पत्रांसारखंच हेही होस्टेलचा पत्ता टाकून पुढे रवाना केलं. उघडून पाहिलं नाही. टपालातला माणूस दुसऱ्याच्या नावाचं पत्र उघडत नाही, मग ते पोटच्या पोरीच्या नावाचं का असेना. तू उत्तर लिहिलं नाहीस हे मला राणीच्या मायकडून कळलं.

काल दारव्ह्याची थैली यष्टीनं उतरली आणि मी ती फोडून बसलो होतो. हल्ली थैलीत काय असतं तुला माहीत आहे. बँकेच्या नोटिसा, आधार कार्डं, एटीएम कार्डं, विम्याचा हप्ता भरा म्हणून सांगणारी पाकिटं, कोण्या पोट्ट्यानं मागवलेलं मोबाइलचं कव्हर. रजिस्ट्री तर आता स्पीड पोस्टातच जमा झाली. लोक अजून 'रजिस्ट्री करा' म्हणत येतात आणि मी समजावत बसतो. हातानं लिहिलेला पत्ता दिसला की शिक्का मारता मारता हात थांबतो. काल असे दोनच होते, दोन्ही खडकवासल्याचे. एक तुझ्या नावाचं, एक राणीच्या मायच्या.

ती वावरातून तशीच आली, हाताला निंदणाची माती. "भाऊजी, वाचून द्या बरं. तिचं अक्षर मले लागत नाही," म्हणाली आणि पायरीवर बसली. मी वाचलं.

पोरीनं बरंच लिहिलं आहे. उजाडायच्या आत मैदानावर जायचं. वर्गाला सायकलीनं, तेही रांग धरून. चुकलं की रगडा, शिक्षेला तिथला शब्दच तो आहे. सायकल डोक्यावर धरून चालायचं, नाहीतर कोलांट्या मारत जायचं. इथं तिच्या मायनं मला थांबवलं. "सायकल डोक्शावर? काहून जी, ते चालवाले देते का उचलाले?" मग मेसचं वाचलं, की दोन हजारांच्या वर पोरं एकाच छताखाली एकाच वेळी जेवतात. त्यावर तिचा प्रश्न, "मंग येवढे भांडे कोन घासते?" राणीनं ते लिहिलेलं नव्हतं, मीही काही सांगू शकलो नाही.

पोहायला शिकवतात, पण पाण्याची भीती अजून गेली नाही, असं आहे पत्रात. आपल्या गावच्या विहिरीत पोट्टे उन्हाळाभर डुबक्या मारतात, पोरींना कधी कोणी उतरू दिलं का, असंही लिहिलं आहे तिनं. ते वाक्य वाचताना मी जरासा खाकरलो. ड्रिलची परीक्षा पास व्हायची राहिली आहे, ती होत नाही तोवर बाहेर पडायची सुटी नाही. फोन जवळ नसतो. मायशी कधीमधी दोन मिनिटं बोलणं होतं, त्यातलं एक मिनिट 'आवाज येते का, आवाज येते का' यातच जातं.

आणि शेवटी हे: 'माय, सोनूच्या घरी जाऊन विचार, ती बरी आहे ना. तिचं एकही पत्र नाही. संध्याकाळी टपाल वाटतात तेव्हा माझं नाव घेतील म्हणून मी उभी राहते.'

तिच्या मायनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, पोरीचं कॉलेज नवं आहे, लिहील. मी खरं बोललो की खोटं, ते आता तुझ्या हातात आहे.

तुला काय लागलं आहे ते मला समजत नाही असं नको समजू. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं मुलींनाही एनडीएची परीक्षा देऊ द्या म्हटलं तेव्हा तू नववीत होतीस. ती बातमी पेपरातून कापून तू वहीला चिकटवलीस. राणीला तेव्हा एनडीए म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. तिचा फॉर्म तू भरलास, माझ्याच पोस्टातल्या टेबलावर बसून. मुलींना फी नाही म्हटल्यावर तिची माय तयार झाली, नाहीतर ते शंभर रुपयेही तिनं दिले नसते. गणिताचे १२० प्रश्न, वेळ अडीच तास, एक चुकलं की त्याच्या मार्काचा तिसरा हिस्सा कापणार. राणीची त्रिकोणमितीशी दुष्मनी होती, ती तू मोडून काढलीस. पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळायला तिला उठवायला तूच जायचीस, आणि तिच्या घरचा कुत्रा तुझ्यावर भुंकून अख्खी आळी जागी करायचा. १ सप्टेंबर २०२४ ला नागपूरला पेपर दिला, दोघीही लेखीत निघाल्या.

मग भोपाळ, सैन्याच्या निवड बोर्डापुढे. तुझी तारीख आधी लागली. पहिल्याच दिवशी कितीतरी पोरी गाळून परत पाठवल्या, तू राहिलीस. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स झाली, निवडलेल्यांचे चेस्ट नंबर वाचले गेले आणि त्यात तुझा नव्हता. घरी आलीस, हातपाय धुतलेस आणि रडायच्या आधी राणीला ओट्यावर बसवून सगळं सांगितलंस. फळी, बल्ली आणि दोर घेऊन कसं पलीकडे जायचं, लाल रंगाला हात लावायचा नाही, चित्र दाखवल्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, गटात जो ओरडून बोलतो त्याच्या नादी लागायचं नाही. मी आतून ऐकत होतो. तुझी आई म्हणाली, पोरगी जेवली नाही. मी म्हटलं, राहू दे, तिचं सांगणं चाललं आहे.

नंतर राणी गेली आणि तिचा नंबर वाचला गेला. मेडिकल झाली. लेखीचे ९०० आणि बोर्डाचे ९०० मिळून जी मेरिट लिस्ट लागली त्यातही तिचं नाव आलं.

दुसरा कोणी बाप असता तर म्हणाला असता, मैत्रिणीच्या यशात आनंद मान. मी नाही म्हणत. शिकवणारी घरी आणि शिकणारी खडकवासल्याला, हे कोणालाही टोचेल. ३० मे ला पहिल्या १७ मुली एनडीएतून पास आउट झाल्या, तेव्हा राणी आपल्याच घरी बसून मोबाइलवर ती परेड पाहत होती आणि तू पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेलीस ते मी पाहिलं. बोललो नाही. पण एक गोष्ट हिशोबाची आहे ती ऐक. बोर्ड एका बॅचमधून इतकेच घ्यायचे असं ठरवून बसत नाही. तुमच्या तर बॅचाही वेगळ्या होत्या. राणीला घेतलं म्हणून तू राहिलीस असं नाही, आणि तू तिला सांगितलं नसतंस तर तुझा नंबर वाचला असता असंही नाही. तिनं तुझ्या ताटातलं काही उचललं नाही.

परवाच्या १४ सप्टेंबरला पुन्हा पेपर झाला. तू फॉर्म भरला नव्हतास, मी विचारलंही नाही. साडेएकोणीसच्या आत आहेस, पुढच्या पेपरालाही तुझं वय बसतं. पदवीनंतर सीडीएसची परीक्षा देऊन चेन्नईच्या ओटीएला, म्हणजे अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंग अकादमीला जाता येतं. एनडीएचं दार उघडलं ते आत्ता. डॉक्टर-नर्स सोडल्या तरी मुली सैन्यात अधिकारी म्हणून १९९२ पासून भरती होत आहेत. जायचं, की केमिस्ट्री घेऊन शिकवायला लागायचं, ते तुझं तू ठरव. त्यासाठी हे पत्र नाही. हे पत्र त्या पोरीला उत्तर द्यायचं आहे एवढ्यासाठी आहे.

तुझ्या आजोबांच्या वेळची गोष्ट तुला सांगितल्याचं आठवत नाही. तेही याच पोस्टात होते. गावातले एक महार रेजिमेंटमध्ये होते. त्यांचा पत्ता म्हणजे नंबर, नाव, पलटण आणि शेवटी ५६ एपीओ, म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस. ५६ लिहिलं की पत्र दिल्लीला जाणार, ९९ लिहिलं की कोलकात्याला. माणूस नक्की कुठं आहे ते पाकिटावरून कोणाला कळायचं नाही. त्यांच्या घरून आजी यायच्या, माझ्या बाबांकडून पत्र लिहून घ्यायच्या. मी बाजूला बसून तिकीट चिकटवायचो. दर पत्रात एकच मजकूर: इकडे सर्व खुशाल आहे, काळजी नसावी, तब्येत सांभाळावी. त्या वर्षी ऐन पेरणीत त्यांचा बैल मेला होता, दुसऱ्याची जोडी मागून तिफन चालवली. लेकराला टायफॉइड होऊन गेला. त्यातलं एक अक्षर पत्रात गेलं नाही.

ते रजेवर आले तेव्हा ओट्यावर बसून बाबांना म्हणाले, "मास्तर, तुमचं खुशालीचं पत्र मी एक डाव वाचतो आन् घडी करून ठेवून देतो. आमच्यातल्या एका पोट्ट्याले त्याच्या बायकोनं भांडनाचं पत्र धाडलं होतं, चार पानं. तो ते रोज वाचे." त्यानंतर आजी पत्र लिहायला आल्या की बाबा पेन उघडायच्या आधी विचारायचे, आता खरं काय झालं ते सांगा, मग खुशाली लिहू.

काल तेच झालं, फक्त माणसं बदलली. राणीच्या मायनं उत्तर लिहून घेतलं. "लिवा, इकडचं सारं बरं हाये. बकऱ्या बऱ्या हायेत. तू पोटभर जेवत जाय." मी लिहिलं. तिच्या घराची मागची भिंत ऑगस्टच्या पावसात बसली, हे तिनं लिहू दिलं नाही. 'बकऱ्या बऱ्या हायेत' हेही अर्धंच खरं. राणीला जाताना भरायचे पैसे जमवायला तिनं बकऱ्या विकल्या, आता एक उरली आहे, ती व्याली आणि दोन पिल्लं झाली. मी लिहून देणारा माणूस, सांगितलं तेवढं लिहायचं. तुझं तसं नाही.

भिंतीचं लिहायचं की नाही ते तू ठरव. लिहिलंस तर पूर्ण लिही. तलाठी येऊन पंचनामा करून गेले, आपण चारपाच जणांनी मिळून टिनं उभी केली, घरात पाणी येत नाही, माय आतल्या खोलीत झोपते. नुसतं 'भिंत पडली' लिहून पत्र टाकलंस तर ती पोरगी तिकडे रात्रभर जागेल आणि सकाळी रगडा खाईल. पण मला विचारशील तर लिहावंस. सुटीत आल्यावर तिला टिनाची भिंत दिसणारच आहे, आणि मग ती आधी तुझ्याकडे येऊन विचारेल.

बाकी काय लिहू म्हणशील, तर तुझ्याकडे पुष्कळ आहे. होस्टेलमधली ती तूर डाळीचं पाणी वाढणारी मावशी, प्रॅक्टिकलला फुटलेली काचेची नळी, खोलीतल्या त्या पोरीचं घोरणं. गावचं हवं असेल तर सोयाबीन पिवळं पडलं आहे, शेंगा भरतील का याचा भरवसा नाही. पऱ्हाटी बरी आहे, पण पाऊस थांबत नाही म्हणून डवरणी नीट झाली नाही. पोळ्याला तोरणाखाली बैल कमी आणि ट्रॅक्टर जास्त, असं होतं की काय पुढच्या वर्षी. तान्ह्या पोळ्याला मात्र लेकरांनी धमाल केली. लाकडाच्या बैलाला कोणीतरी गॉगल बांधला होता.

आणि तिच्या फ्लेक्सचं जरूर लिही. निवड झाली तेव्हा फाट्यावर लावला होता ना, ज्यात पुढाऱ्यांचे चेहरे मोठे आणि राणीचा फोटो कोपऱ्यात पासपोर्ट साइजचा? तो आता एका गोठ्यावर ताडपत्री म्हणून टाकला आहे. पुढारी खाली दुमडले गेले आणि राणीचाच फोटो बरोबर वर आला. रोज टपाल वाटायला जाताना मला दिसतो. ती एकटी हसेल आणि त्यासाठीही तिला रगडा मिळेल, मिळू दे.

काय लिहू नको तेही सांगतो. 'आम्हाला तुझा अभिमान आहे', 'गावाचं नाव मोठं केलंस' हे लिहू नको. ते तिला सत्काराच्या दिवशी गावानं भरपूर ऐकवलं. तिकडे दिवसभर तिला नंबरानं आणि आडनावानं हाका मारतात. तू तिला ओरडायचीस तसं लिही. तुला राग आला होता तर तेही लिही, हवी तेवढी पानं. 'मी शिकवलं आणि तू गेलीस' असं सरळ लिहिलंस तरी चालेल. तिला ते माहीतच आहे. न लिहिलेलं मात्र तिला माहीत नाही. ती तुझी तब्येत विचारते आहे, म्हणजे तू आजारी असशील असं समजते. तू रागावली असशील हे तिच्या आधी मनात आलं नाही, किंवा आलं असेल आणि मायला वाचून दाखवायच्या पत्रात तिनं ते टाकलं नसेल. तुझ्या नावाच्या पाकिटात काय आहे ते तुलाच ठाऊक. तू ती उघडली आहेस ना? नसशील तर आधी ते कर.

एक हिशोब ठेव. आपल्याकडून टाकलेलं पत्र दारव्हा, यवतमाळ, पुणे करत चार-सहा दिवस घेतं. अमरावतीहून थोडं लवकर जाईल. तिची पहिली टर्म नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत, म्हणजे आत्ता लिहिलंस तर उलटटपालासकट दोन-तीन फेऱ्या होतात. एकूण तीन वर्षं आहेत, सहा टर्म, आणि त्यानंतर आणखी एक वर्ष दुसऱ्या अकादमीत. फोन पुढच्या टर्मला मिळेल न मिळेल, आणि मिळाला तरी तुम्ही दोघी त्यावर काय बोलाल ते मला माहीत आहे: 'जेवलीस का', 'हो', 'ठेवते'. साध्या पाकिटाला पाच रुपयांचं तिकीट, २० ग्रॅमपर्यंत. आंतरदेशीय अडीच रुपयांत जातं, पण त्यात तुझं मावायचं नाही. भांडायचं असेल तर पाकीटच घे. स्क्वॉड्रनचं, म्हणजे तिच्या तुकडीचं नाव पत्त्यात घालायला विसरू नको, नाहीतर तेवढ्या पोरांमध्ये पत्र दोन दिवस जास्त फिरतं. पिन ४११०२३.

घरचं सगळं बरं आहे. (हे खरोखरच बरं आहे, आजोबांच्या वेळचं नव्हे.) तुझ्या आईचा गुडघा पावसानं दुखतो, दवाखान्यात दाखवलं, गोळ्या दिल्या आहेत, ती त्या अर्ध्याच घेते. आज पितृमोक्ष अमावस्या, वडे झाले, कावळ्यानं फार वाट पाहायला लावली नाही. उद्या घट बसतात. पैसे महिन्याच्या सुरुवातीला खात्यात टाकीन, अधेमधे लागले तर सांग, मैत्रिणींकडून उसने घेऊ नको.

दिवाळीला येशील तेव्हा राणीच्या मायकडे जाऊन ये. माझ्यासोबत नको, एकटी जा.

तुझे
बाबा

ता. क. – आईनं जवसाची चटणी आणि शेव बांधून दिली आहे, मंगळवारच्या नेर मार्गे येणाऱ्या यष्टीनं पाठवतो. स्टँडवर वेळेवर जा, कंडक्टर थांबत नाही. चटणीच्या डब्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत पाकिटं ठेवली आहेत, तिकीट लावून, राणीचा पत्ता घालून. तेल लागू देऊ नको.